पुढच्यास ठेच, पण मागचा शहाणा केव्हा?

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेली आहे. गुरुजींनी वाक्यात उपयोग करावयास सांगितला, की कोणत्या तरी गणपतरावांना धंद्यात खोट आणावयाची आणि त्यांच्या धाकट्या भावाला शहाणे करून सोडावयाचे, की झाले काम! परंतु या म्हणीत एक अट दडलेली आहे. ती मला वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत दिसली नाही, आणि दिसली तेव्हा फार उशीर झालेला होता.

पुढच्याला ठेच लागली म्हणजे मागचा आपोआप शहाणा होतो, असे मुळीच नाही. पुढच्याने 'अहो, येथे दगड आहे' असे सांगितले पाहिजे. निदान तो लंगडताना तरी दिसला पाहिजे. त्याने कळ दाबून, चेहरा हसरा ठेवून, काही घडलेच नाही अशा थाटात पुढे चालावयाचे ठरविले, तर मागच्याची ठेच काही चुकत नाही.

मी बडोद्याजवळच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षे नोकरी केली. त्यांतली बहुतेक वर्षे दुसऱ्यांकडून काम करवून घेण्यात गेली. या कामाला आता व्यवस्थापन म्हणतात. आमचे आजोबा त्याला कारभार म्हणत, आणि मला तोच शब्द अधिक आवडतो. कारण त्यात 'भार' आहे. तो भार कसा उचलावा हे शिकविणारी विद्यालये आज गावोगाव आहेत, त्यांच्या पदव्या आहेत, जाडजूड पुस्तके आहेत. त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण पुस्तकातला कारखाना आणि आपला कारखाना यांच्यामध्ये एक ओढा असतो, आणि तो ओलांडण्यास तो पूर्वी ओलांडलेल्या माणसाचा हात लागतो. तो हात कसा मिळवावा आणि आपण कसा द्यावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

गुरुवारची बैठक

निवृत्त झाल्यावर पहिले वर्षभर मी सकाळी सयाजीबागेत फेऱ्या मारल्या आणि संध्याकाळी घरच्यांना सूचना दिल्या. या दुसऱ्या उद्योगाचा घरच्यांना लवकरच कंटाळा आला. तेव्हा दांडिया बाजारातल्या एका मित्राच्या वाड्याच्या माडीवर आम्ही पाचसहा जण दर गुरुवारी जमू लागलो. आरंभी गप्पांचा विषय ठरलेला नसे. परंतु बसणारे सगळेच कोठे ना कोठे कारभार केलेले, त्यामुळे बोलणे फिरून तेथेच येई. पुढे नोकरीत असलेली तरुण मंडळीही येऊ लागली. कोणी बँकेतले, कोणी दवाखान्यातले, कोणी लग्नाची जेवणावळ उठविणारे. चहाबरोबर कधी शेवउसळ असते, कधी नुसताच चहा.

पहिल्या काही बैठका अगदी फुकट गेल्या, हे कबूल केले पाहिजे. कारण प्रत्येक जण उपदेश करी. 'माणसांवर विश्वास टाकावा', 'शिस्त ढिली पडू देऊ नये', 'हाताखालच्यांशी गोड बोलावे', 'फार गोड बोलू नये' अशी सुभाषिते झडत. ती सर्व खरी होती आणि कोणाच्याही उपयोगाची नव्हती. एके दिवशी एका गृहस्थांनी आपण एक डबघाईला आलेला विभाग कसा वर काढला, याची तासभर हकीकत सांगितली. तीत ते स्वतः कोठेही चुकले नव्हते. ते उठून गेल्यावर एक तरुण अभियंता हळूच म्हणाला, "काका, यांच्याकडून काय शिकायचं? यांच्यासारखं असायला हवं, एवढंच कळलं."

त्या पोराच्या बोलण्याने आमचे डोळे उघडले. पुढच्याच गुरुवारी आम्ही तीन नियम केले. पहिला, जे स्वतः केले तेच सांगावयाचे, ऐकीव नाही. दुसरा, 'असे करावे' हे शब्द उच्चारावयाचे नाहीत. 'मी असे केले आणि असे झाले' इतकेच. तिसरा, यशाची गोष्ट सांगणाऱ्याने तीत आपण कोठे चुकलो होतो तेही सांगितले पाहिजे, नाही तर त्याचा चहा बंद.

चहाच्या धाकाने असो वा अन्य कशाने, बैठकीचा नूर पालटला. एका दवाखान्यात मेट्रन म्हणून काम केलेल्या बाई बोलल्या. रात्रपाळीची परिचारिका जाताना आणि दिवसपाळीची येताना दोघी बोळातच उभ्या राहून रोग्यांची माहिती एकमेकींना सांगत. एकीला घरी जाण्याची घाई, दुसरीचा श्वास अजून जिना चढून खाली बसलेला नाही. अशाच एका सकाळी एका म्हाताऱ्या गृहस्थांना तेच औषध दोनदा दिले गेले. सुदैवाने अनर्थ टळला. बाईंनी प्रथम काय केले? दोघींना खडसावले. पंधरा दिवसांत तसाच घोटाळा दुसऱ्या दोघींकडून झाला. तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की दोष परिचारिकांत नाही, बोळात आहे. मग पाळी बदलताना दोघींनी प्रत्येक खाटेपाशी जावे, औषधाचा तक्ता हातात घेऊन रोग्यासमक्ष बोलावे, अशी पद्धत त्यांनी घातली. "पहिल्या वेळी मी माणसं बदलायला गेले, दुसऱ्या वेळी जागा बदलली," असे त्या म्हणाल्या.

दुसऱ्या होत्या एका पतपेढीच्या शाखाधिकारी. खातेपुस्तक भरून घेणाऱ्यांची रांग लांबते अशी ओरड झाली, म्हणून त्यांनी धनादेश पाहणारा कारकून तेथे आणून बसविला. रांग आखूड झाली आणि वरिष्ठांनी पाठ थोपटली. आठवड्याभराने धनादेश तुंबून पडले, आणि एका लहान दुकानदाराचे पैसे वेळेवर न मिळाल्याने त्याला व्यापाऱ्यापुढे मान खाली घालावी लागली. "जी रांग दिसत होती ती मी कमी केली, आणि जी दिसत नव्हती ती वाढवली," हे त्यांचे शब्द मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहेत.

वाचकांनी पाहिले असेल, की या दोन्ही हकीकतींत उपदेश एका शब्दाचाही नाही. तरी ऐकणारा प्रत्येक जण मनातल्या मनात आपापल्या कचेरीत जाऊन आला. आपला बोळ कोठे आहे, आपली न दिसणारी रांग कोणती, हे तो शोधू लागला.

बडोद्यातला एक जुना पाठ

अनुभवी कारभाऱ्याने नव्याला आपले शहाणपण द्यावे, ही गोष्ट बडोद्याला नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आपणा मराठी माणसांना ठाऊक असते. शिवछत्रपतींच्या काळापासून कारभार पाहिलेल्या त्या वृद्ध पुरुषाने अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात किल्ले, आरमार, सावकार, वतनदार यांविषयीची आपली आयुष्यभराची समजूत त्यात साठविली. आरमारासाठी लाकूड हवे, परंतु आंबा आणि फणस रयतेने पोटच्या पोरासारखे वाढविलेले असतात, ते बळजोरीने तोडू नयेत, ही त्यातली ताकीद प्रसिद्धच आहे. तीमागे पुस्तकी विद्या नसून झाडाजवळ उभ्या राहिलेल्या रयतेचा चेहरा आहे, असे मला नेहमी वाटते.

परंतु आपल्या या नगरीत १८८१ साली जे घडले, त्याची आठवण आज थोड्यांनाच असते. मल्हारराव गायकवाडांना १८७५ साली पदच्युत केल्यावर कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना जमनाबाईसाहेबांनी दत्तक घेतले. तेच आपले श्रीमंत सयाजीराव महाराज. राज्याची घडी बसविण्यासाठी सर टी. माधवराव दिवाण म्हणून आले. हे माधवराव तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, १८२८ साली कुंभकोणमला जन्मलेले. त्यांचे वडील आणि चुलते दोघेही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेलेले. त्यांनी स्वतः त्रावणकोरच्या राजपुत्रांना शिकविले, मग चौदापंधरा वर्षे तेथला कारभार सांभाळला, राज्य कर्जातून वर काढले आणि मिरीची सरकारी मक्तेदारी उठविली. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे, आणि त्या चौकाला लोक 'स्टॅच्यू' याच नावाने ओळखतात. तेथून ते इंदुरास होळकरांकडे दिवाण झाले आणि १८७५ साली बडोद्यास आले.

महाराजांना राज्याचे पूर्ण अधिकार २८ डिसेंबर १८८१ रोजी मिळावयाचे होते. त्या वर्षी या दिवाणाने अठरा वर्षांच्या राजाला राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती 'मायनर हिंट्स' या नावाने छापली गेली. २०२२ साली राहुल सागर या अभ्यासकांनी ती नव्याने संपादून प्रसिद्ध केली, तेव्हा मी पुस्तक मागविले आणि पेन्सिल घेऊन वाचले. प्रजेचे सुख हेच कारभाराचे माप; राजाने सारी कामे आपल्याच अंगावर घेण्याच्या फंदात पडू नये; योग्य माणसे निवडून त्यांच्यावर काम सोपवावे, अशा स्वरूपाचे ते पाठ आहेत. तीन संस्थानांचे पाणी प्यालेल्या माणसाचे ते बोलणे आहे, हे पानोपानी जाणवते.

तरीही वाचताना मला एक हुरहूर लागून राहिली. प्रत्येक नियमामागे त्रावणकोरात किंवा इंदुरात काही ना काही घडले असणार. कोणी सावकार अडून बसला असेल, कोणावर टाकलेला विश्वास चुकला असेल. माझ्यासारख्या साध्या कारभाऱ्याला नियमापेक्षा त्या घडामोडींची भूक अधिक. दिवाणांना त्या सांगता येत नव्हत्या हे उघड आहे. राज्यांची गुपिते होती, माणसे हयात होती. परंतु निष्कर्ष हाती लागतो आणि हकीकत निसटते, तेव्हा शिकणाऱ्याच्या पदरात अर्धेच पडते.

एका घोड्याची नोंद

उरलेले अर्धे मला एका फ्रेंच गृहस्थांपाशी सापडले. बडोद्यात हे पाठ चालू होते, त्याच्या वीस वर्षे आधीची गोष्ट. कोमांत्री येथील कोळशाच्या खाणीत १८६० साली हेन्री फायोल नावाचा तरुण अभियंता नोकरीस लागला. मे १८६१ मध्ये, वयाची वीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्याने आपल्या वहीत एक नोंद केली. खाणीच्या सहाव्या मजल्यावर काम करणाऱ्या घोड्याचा पाय सकाळी मोडला. फायोलने दुसरा घोडा मिळावा म्हणून चिठ्ठी लिहिली. तबेल्याच्या माणसाने ती घेतली नाही, कारण तीवर संचालकांची सही नव्हती. संचालक बाहेरगावी. त्यांच्या जागी कोणाची नेमणूक नाही. फायोलने पुष्कळ विनवण्या केल्या. तबेलेवाला म्हणे, मला तसा स्पष्ट हुकूम आहे. घोडा मिळाला नाही आणि सहाव्या मजल्यावरचे काम बुडाले.

बस्स, एवढीच नोंद. पण वाचकहो, आपल्या कचेरीत, दवाखान्यात, शाळेत हा घोडा आपण पाहिलेला नाही काय? 'साहेब रजेवर आहेत, उद्या या' हे वाक्य कोणी ऐकलेले नाही? फायोलने त्या तबेलेवाल्याला मूर्ख ठरविले नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. त्याने दोष ओळखला तो असा, की अधिकारी दूर असला तरी अधिकार जागेवर असला पाहिजे. पुढे १८८८ साली हाच माणूस त्या कंपनीचा मुख्य संचालक झाला, तेव्हा कंपनी बुडण्याच्या बेतात होती. ती त्याने सावरली, १९१८ पर्यंत चालविली, आणि १९१६ साली कारभाराच्या तत्त्वांवर त्याचा जो प्रबंध प्रसिद्ध झाला, तो आज जगभर व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना अभ्यासावा लागतो. विद्यार्थी त्यातली चौदा तत्त्वे पाठ करतात. त्यांना पाय मोडलेला घोडा कोणी दाखविला, तर तत्त्वे पाठ करावी लागणार नाहीत, असे मला वाटते.

माझी ठेच

आता माझ्या बैठकीतल्या पाळीविषयी. नियम मीच मांडला असल्याने मला सुटका नव्हती. तरी दोन वर्षे मी लहानसहान चुका सांगून वेळ मारून नेली. जी सांगावयाची होती ती अखेर एका पावसाळ्यात सांगितली, आणि आज येथेही लिहितो.

१९८३ साली मी कारखान्याच्या प्रेस विभागाचा प्रमुख होतो. पत्रा कापून त्याला आकार देणारी पॉवर प्रेस वाचकांपैकी काहींनी पाहिली असेल. वरचा ठोकळा क्षणात खाली येतो, आणि मध्ये जे असेल त्याचा निकाल लावतो. म्हणून त्या यंत्राला दोन बटणे असत. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे दाबल्याशिवाय ठोकळा खाली येत नसे. हात बटणांवर आहेत, म्हणजेच ते ठोकळ्याखाली नाहीत. युक्ती साधी आणि उत्तम.

फेब्रुवारी महिन्यात एका सकाळी फोरमन धावत आला. एका मदतनिसाचा हातमोजा प्रेसमध्ये चिरडला होता. हात त्याने एका क्षणाच्या फरकाने काढून घेतला होता. मी गेलो. पोरगा भिंतीला टेकून थरथरत उभा होता. यंत्र पाहिले, तर एका बटणाच्या फटीत लाकडाची बारीक पाचर ठोकलेली. ते बटण कायमचे दाबलेले राही. मग एका हाताने यंत्र चालवावयाचे आणि दुसऱ्याने पत्रा सरकवावयाचा, म्हणजे तासाला नग जास्त निघत.

मी पाचर काढून फेकली, सर्वांना चांगले फैलावर घेतले, आणि प्रेसवरच्या जुन्या कारागिराला बाजूला नेऊन विचारले, "ही अक्कल कोणाची?" तो खाली पाहत म्हणाला, "साहेब, तुम्ही तासाचे नग ठरवले, ते डाय बदलायचा वेळ धरून होत नाहीत. गेलेला वेळ कुठून तरी भरून काढायला लागतो."

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तो आकडा मीच ठरविला होता. सगळ्यांत चपळ कारागिराला उभे करून, डाय आधीच बसविलेला असताना, घड्याळ लावून. त्या आकड्यामुळे माझ्या विभागाचे उत्पादन वाढलेले दिसत होते, आणि माझ्या बढतीचा कागद त्याच महिन्यात वर गेला होता. मी आकडा बदलला नाही. अपघाताच्या नोंदवहीतही काही लिहिले नाही. हात वाचला होता. मोज्याची नोंद कोण करतो, असे मी स्वतःला समजाविले.

एप्रिलमध्ये मला बढती मिळून दुसऱ्या विभागात जावे लागले. माझ्या जागी आलेले गृहस्थ माझ्याहून चार वर्षांनी लहान, फार नेटके. कामाचा ताबा घेताना त्यांनी विचारले, "साहेब, इथे विशेष लक्ष ठेवण्यासारखं काही?" मी म्हणालो, "काही नाही. सगळं सुरळीत आहे."

नोव्हेंबरात त्याच प्रेसवर, तशाच पाचरीने, एका कामगाराची उजव्या हाताची दोन बोटे गेली. तो खानदेशाकडून आलेला, घरात कमावता एकटाच. मी त्याला दवाखान्यात भेटावयास गेलो. त्याने माझ्यावर राग काढला नाही. नुसते विचारले, "साहेब, असं आधी कधी झालं होतं का?"

मी त्याला 'हो' म्हणालो नाही. पुढे कित्येक महिन्यांनी म्हणालो, आणि वरिष्ठांनाही लेखी कळविले. तासाचा आकडा दुरुस्त झाला, प्रेसच्या बटणांची रचना बदलली. एक बटण दाबून ठेवले तर यंत्र चालूच होणार नाही, अशी सोय त्यात होती. त्या कामगाराला भांडारात काम मिळाले आणि तो तेथूनच निवृत्त झाला. हे सर्व खरे. पण ते सर्व फेब्रुवारीत होऊ शकले असते. त्यासाठी मला नवे ज्ञान मिळवावयाचे नव्हते, परदेशी जावयाचे नव्हते. मला फक्त 'सगळं सुरळीत आहे' या तीन शब्दांऐवजी तीन मिनिटे बोलावयाचे होते.

माणसे का सांगत नाहीत?

बैठकीत हे सांगून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो मघाचा तरुण अभियंता म्हणाला, "काका, तुम्ही तेव्हा सांगितलं असतंत, तर तुमची बढती गेली असती?" मी म्हणालो, "बहुधा गेली असती." खरा प्रश्न हाच आहे. चूक सांगणाऱ्याला शिक्षा आणि लपविणाऱ्याला बढती, अशी जेथे रीत असेल तेथे अनुभवाचे कितीही वर्ग भरवा, तेथे फक्त पोवाडे ऐकू येतील.

विमानाच्या धंद्यातल्या लोकांनी यावर एक उपाय काढला आहे. अमेरिकेत १९७६ पासून अशी व्यवस्था आहे, की वैमानिकाने किंवा विमानवाहतूक नियंत्रकाने आपल्या हातून घडलेली चूक किंवा थोडक्यात टळलेला अपघात लिहून कळवावा. ही पत्रे विमानांवर देखरेख करणाऱ्या खात्याकडे न जाता नासा या निराळ्या संस्थेकडे जातात. तेथे लिहिणाऱ्याचे नाव काढून टाकतात आणि हकीकत सर्वांच्या उपयोगासाठी ठेवतात. चूक जाणूनबुजून केलेली नसेल आणि ठरल्या मुदतीत कळविली असेल, तर सामान्यतः दंड माफ होतो. ज्या दिवशी नुसता हातमोजा चिरडतो त्या दिवसाची नोंद ते लोक सर्वांत मोलाची मानतात. कारण तो धडा बोटे न गमावता मिळालेला असतो.

आपल्या लहानशा कारखान्यात, दुकानात, संस्थेत एवढी मोठी यंत्रणा उभारावयास नको. वरिष्ठाने महिन्यातून एकदा हाताखालच्यांना बसवून आधी स्वतःची एक चूक सांगितली, तरी पुष्कळ होते. आधी वरिष्ठाची, हे महत्त्वाचे. तो गप्प बसून इतरांच्या चुका मागू लागला, तर तिला चौकशी म्हणतात.

सांगितलेले लिहूनही ठेवले पाहिजे. आमच्या बैठकीची वही आता चौथी चालू आहे. प्रत्येक हकीकतीत आम्ही चार गोष्टी टिपतो. त्या वेळी परिस्थिती काय होती आणि मला काय ठाऊक होते? मी काय केले आणि का? परिणाम काय झाला, कोणाच्या अंगावर आला? आणि ही गोष्ट कोठे लागू पडणार नाही? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. बोळातली मेट्रनबाईंची युक्ती दवाखान्यात उत्तम. पण रोग्याला न कळावे असे काही बोलावयाचे असेल, तर ती चालणार नाही, हेही त्यांनीच लिहून दिले आहे.

दुसऱ्याचा अनुभव घ्यावयाचा म्हणजे त्याची नक्कल करावयाची नव्हे. याचेही उदाहरण आपल्याच नगरीत आहे. माधवरावांनी सारे शिकविले, परंतु महाराजांच्या हाती अधिकार आल्यावर वर्ष पुरे होण्याच्या आत, १८८२ साली, ते दिवाणगिरी सोडून गेले. शिष्य पुढे आपल्या वाटेने चालला. १८९३ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आधी अमरेली भागात करून पाहिला आणि मग १९०६ साली तो सबंध राज्यात लागू केला. छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, राज्यावर मोठे संकट कोसळले तेव्हा महाराज स्वतः दौऱ्यावर निघाले आणि जे पाहिले त्याची टिपणे त्यांनी केली. ती १९०१ साली छापली गेली. वीस वर्षांपूर्वी ज्याने एका वृद्ध कारभाऱ्यासमोर बसून ऐकले होते, तो आता आपला अनुभव पुढच्यांसाठी लिहून ठेवीत होता. शिकण्याची फेड यापरती काय असू शकते?

असो. गेल्या महिन्यात आमच्या बैठकीतल्या त्या तरुण अभियंत्याची बदली झाली. त्याच्या जागी एक मुलगी आली आहे. ताबा देताना त्याने तिला काय सांगितले, ते मी मुद्दाम विचारले नाही. पण जाण्यापूर्वी तो वही मागावयास आला होता. दोन दिवस ठेवून त्याने ती परत आणून दिली. शेवटच्या पानावर त्याच्या बारीक अक्षरात सव्वा पान मजकूर भरलेला होता. वर तारीख, आणि पहिलेच वाक्य 'माझ्याकडून' या शब्दाने सुरू होणारे.

त्याखाली पुष्कळ जागा कोरी आहे. बैठक गुरुवारी संध्याकाळी सहाला भरते. ज्या वाचकांनी कोठे कारभार केला आहे, मग तो कारखान्याचा असो, शाळेचा असो की बारा माणसांच्या स्वयंपाकघराचा असो, त्यांनी अवश्य यावे. येताना आपली एक ठेच घेऊन यावे. चहा आमच्याकडे लागला.